भिंगकाकूंनी न उघडलेला लॅपटॉप

तर त्या काउंटरवरच्या टायवाल्यानं लॅपटॉप पुढं सरकवला आणि म्हणाला, "नवी बिजागरी टाकलीय काकू, आतली वायरपण नवी. आता पाच वर्षं बघायला नको." इथपर्यंत काल गाडी आली होती. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी ती थोडी मागं न्यावी लागेल, नाहीतर ते बिचारे नुसत्या माना डोलावत बसतील.

ज्यांच्यापुढं तो लॅपटॉप सरकवला त्या भिंगकाकू. सरकारी कागदांवर त्यांचं दुसरं काही नाव आहे, पण ते फक्त सरकारला ठाऊक. काकू घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला लावायचं काळं भिंग काम नसलं की कपाळावर चढतं आणि तिथंच मुक्काम ठोकतं. तशाच त्या बँकेत जातात, तशाच भाजी घेतात. भाचीच्या लग्नातल्या फोटोत सगळ्याजणी नटूनथटून उभ्या आहेत आणि मधोमध काकू, कपाळावर भिंग. फोटोवाल्यानं तीनदा कपाळाकडं खुणावलं, काकूंना वाटलं हसा म्हणतोय. त्या आणखी हसल्या.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. डावीकडं किल्ल्या करणारा, उजवीकडं झेरॉक्सवाल्या वहिनी. गिऱ्हाईक एकच मावतं; दुसरं आलं तर पहिल्यानं पोट आत घ्यायचं. वरून कुणी जिना उतरू लागलं की काकू चिमटा हवेतच धरतात आणि पावलं संपली की काम पुढं सुरू. तीस वर्षांत इतकं झालंय, की तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांचा गुडघा आज दुखतोय हे वकिलांच्या बायकोआधी काकूंना कळतं.

ही विद्या वडिलांची. त्यांना मुलगा नाही म्हणून लोक हळहळायचे, तेव्हा ते म्हणायचे, "मला बोटं हवी होती, ती मिळाली." नऊ वर्षांच्या लेकीला त्यांनी स्टुलावर बसवलं आणि पहिलं वर्षभर एकही घड्याळ उघडू दिलं नाही. नुसतं बघायचं, कानाला लावून ऐकायचं आणि आत काय बिघडलं असेल ते सांगायचं. पोरीचे हात नुसते वळवळायचे. वर्षानंतर जे उघडायला घेतलं ते आजतागायत थांबलेलं नाही. घरातलं रेडिओ, मिक्सर, शिलाई मशीन, कुकरचं झाकण, झाडून सगळं काकूंनी एकदा तरी उघडून बघितलंय. बंद वस्तू समोर आली की त्यांची बोटं आधी पोचतात, डोकं मागून येतं.

वडिलांचा दुसरा नियम असा, की घड्याळ आपल्या हातून दुसऱ्या कारागिराकडं जाणार असेल, पॉलिशला म्हणा, मुलाम्याला म्हणा, तर मागच्या प्रत्येक स्क्रूवर सुईच्या टोकानं लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. अर्धा स्क्रूवर, अर्धा शेजारच्या पत्र्यावर. स्क्रू केसभर जरी फिरला तरी ठिपका दुभंगतो. याला कारण घडलं होतं. एकदा त्यांनी एक भारी घड्याळ पॉलिशला बाहेर पाठवलं, ते परत आलं बाहेरून राजा आणि आतून भिकारी होऊन. आतलं चांगलं चाक कुणीतरी काढून घेतलं होतं. गिऱ्हाइकानं चारचौघांत वडिलांना चोर म्हटलं. त्या संध्याकाळी वडील बाजारातून नेलपॉलिशची बाटली घेऊन घरी आले आणि आईनं दोन दिवस अबोला धरला, कारण बाटली तिच्यासाठी नव्हती.

आता लॅपटॉपकडं येऊ. तो काकूंच्या लेकीचा. लेक इमारतींचे नकाशे काढते. शिक्षण संपल्यावर एका नकाशांच्या ऑफिसनं तिला सांगितलं होतं, एका शाळेच्या इमारतीचे सगळे नकाशे दोन महिन्यांत पुरे करून द्या, पसंत पडले तर कायमची नोकरी. पोरगी जीव तोडून कामाला लागली. आणि चार महिन्यांपूर्वी घेतलेला नवाकोरा लॅपटॉप नेमका तेव्हाच रुसला. झाकण अर्ध्याच्या वर उघडलं की बिजागरी कुरकुरायची आणि पडदा काळा व्हायचा. मग लेक झाकण अर्धवट ठेवून, मान टेबलाला टेकवून, मांजर कपाटाखाली बघतं तशी बघत शाळेच्या भिंती काढायची.

वॉरंटी होती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात द्यायचं ठरलं. निघण्याआधी काकूंनी सवयीनं लॅपटॉप पालथा घातला. खाली दहा स्क्रू. दहा ठिपके दिले.

"आई, ते घड्याळ नाहीये," लेक म्हणाली.

"बाहेरच्या हातात जातंय ना? मग झालं."

सर्व्हिस सेंटर काचेचं, थंडगार, नंबराचं यंत्र असलेलं. टायवाल्यानं लॅपटॉप घेताना त्याचे वरून, खालून, चारी बाजूंनी फोटो काढले. "आधीचे ओरखडे नंतर आमच्या माथी नकोत," म्हणाला, आणि फोटो पावतीबरोबर लेकीच्या मोबाइलवर पाठवले. परत देतानाही असेच फोटो काढून पाठवू, असंही सांगितलं. काकूंना ही रीत फार पसंत पडली. "शहाणी माणसं आहेत," त्या बाहेर आल्यावर म्हणाल्या. त्या सेंटराबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला आणि शेवटचा चांगला शब्द.

बारा दिवसांनी लॅपटॉप मिळाला, म्हणजे गाडी परत काल थांबली होती तिथं आली.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी दुपारी लेकीनं झाकण उघडलं तर कट् असा आवाज झाला, पडदा काळा, आणि बिजागरीच्या फटीतून वाळलेल्या गोंदाचा एक पापुद्रा टेबलावर पडला. काकू जेवायला घरी आल्या होत्या. त्यांनी हात धुतला, पापुद्रा चिमटीत धरून उजेडात पाहिला. मग लॅपटॉप पालथा घातला आणि कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं. एकेक स्क्रू पाहिला. सगळं बघून झाल्यावर पहिल्यापासून पुन्हा पाहिला.

"यांनी हा उघडलाच नाहीये," त्या म्हणाल्या. "दहाच्या दहा ठिपके जसेच्या तसे आहेत. फटीत बाहेरून गोंद भरला आणि दिला आपल्याला."

"बरं. मग तू उघड," लेक म्हणाली. "तुला अर्धा तास लागेल. वायर कुठं दबली असेल ती सरळ कर, मला कामाला लागू दे. आई, माझे साडेपाच आठवडे उरलेत."

खरी परीक्षा इथं होती. काकूंच्या ड्रॉवरमध्ये त्या स्क्रूला बसणारे तीन स्क्रूड्रायव्हर होते. बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप वाजायला लागली होती. काका शेजारी बसून ताक पीत होते. काका म्हणजे काकूंचे यजमान. जन्मभर बस चालवली, त्यामुळं कुठं भांडण दिसलं की आधी ब्रेकवर पाय.

"उघड बाई," काका म्हणाले. "तू जगाचं उघडतेस, पोरीचं तेवढं उघडायला काय झालं?"

"मी उघडला की तो माझा झाला," काकू म्हणाल्या. "मग त्यांनी काय केलं आणि मी काय केलं, हे कोण सांगणार? ते म्हणतील, गोंद काकूंनीच लावला."

"मग मी काय करू?" लेकीचा आवाज चढला. "मान वाकडी करून नोकरी मिळवू?"

काकूंनी लॅपटॉप एका जुन्या उशीच्या अभ्र्यात घातला, अभ्र्याचं तोंड सुईदोऱ्यानं शिवून टाकलं आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवला. अभ्रा का शिवला, तर स्वतःच्या बोटांवर त्यांचा भरवसा नव्हता.

लेकीची सोय झेरॉक्सवाल्या वहिनींनी केली. दुपारी एक ते चार त्यांचा कॉम्प्युटर मोकळा असतो. लेक तिथं बसू लागली. पण ती जागा काय, रस्त्यावरचीच. कुणी ओळखपत्राची प्रत काढायला येई आणि मागं उभं राहून सल्ला देई, "ताई, हा जिना फार उभा वाटतोय." एका आजोबांनी शाळेत आजोबांना बसायला बाक कुठं आहे असं विचारलं, आणि लेकीनं तो खरंच काढला. तरी कामाची गोम वेगळीच होती. एकेक मजला वहिनींच्या कॉम्प्युटरला झेपायचा, पण सगळे मजले एकत्र उघडले की तो हात टेकायचा. शेवटची जुळणी तिथं होणं शक्य नव्हतं. आज ना उद्या लॅपटॉप लागणारच होता.

काकू अभ्रा उसवून लॅपटॉप घेऊन सर्व्हिस सेंटरात गेल्या.

"द्या की," टायवाला म्हणाला. "पुन्हा दुरुस्तीला टाकतो. पंधरा दिवस. एक पैसा घेणार नाही."

"ते मग बघू. मला एक शिकवा आधी. बिजागरी बदलायची तर लॅपटॉप उघडावा लागतो?"

"अर्थात. पूर्ण."

"खालचे स्क्रू काढून?"

"सगळेच्या सगळे. दहा."

"एखादा राहिला तर चालतं?"

"नाही हो काकू. झाकण निघणारच नाही."

काकूंनी लॅपटॉप पालथा केला आणि आपलं भिंग काढून त्याच्या हातात दिलं. टायवाल्यानं ते डोळ्याला लावलं, दोन-तीन स्क्रू पाहिले आणि भिंग काउंटरवर ठेवून आतून मॅनेजरना बोलावून आणलं. मॅनेजर गोड बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "काकू, हे ठिपके तुम्ही आज सकाळीसुद्धा दिले असतील."

"देता येतील," काकू म्हणाल्या. खोटं कशाला बोलायचं. "पण मी बारा तारखेला दिले. मला आता दुरुस्ती नको. बदलून द्या, नाहीतर पैसे परत."

"आमच्या पॉलिसीत तीन वेळा दुरुस्ती आहे. त्यानंतर विचार."

"कुठं लिहिलंय?"

"पॉलिसीच आहे ती."

"हो, पण लिहिलीय कुठं?"

मॅनेजर हसले. काकूही हसल्या. मग मॅनेजरांनी पाणी मागवलं आणि काकूंनी ते न पिता लॅपटॉप परत अभ्र्यात घातला.

घरी काकांनी ब्रेक लावून पाहिला. "तीनदा म्हणतायत तर देऊन टाक तीनदा. एवढं काय जिवाला लावून घ्यायचं?"

"मुख्याध्यापिकाबाईंचं घड्याळ आठवतंय?" काकूंनी विचारलं.

काकांनी ब्रेकवरचा पाय काढला. ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं मनगटी घड्याळ काकूंकडं आलं होतं. काकूंनी दुरुस्त केलं, झालं म्हणून दिलं, महिन्यात बंद पडलं. दुसऱ्यांदा केलं, झालं म्हणून दिलं, बाईंना नेमकं परीक्षेच्या दिवशी वीस मिनिटं मागं टाकून बसलं. तेव्हा काकू त्यांच्या घरी गेल्या आणि आपल्या पदरचं नवं घड्याळ त्यांच्या टेबलावर ठेवून आल्या. काका तेव्हा म्हणाले होते, धंदा बुडवशील. धंदा बुडाला नाही. उलट बाईंनी अख्खी शिक्षकखोली काकूंकडं पाठवली, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घड्याळांना काहीही झालं नव्हतं.

"मी एकदा नव्हे, दोनदा चुकले होते," काकू म्हणाल्या, "पण दोन्ही वेळा उघडून चुकले. यांनी हातही न लावता 'झालं' म्हणून लिहून दिलंय. मी माझ्या गिऱ्हाइकाला जे दिलं, तेवढंच मागतेय. जास्त नाही."

दुसऱ्या दिवशी त्या ग्राहक तक्रार कार्यालयात गेल्या. लांबलचक बाक, पंख्याखाली उडू पाहणारे कागद आणि खिडकीवर चष्म्याला साखळी लावलेल्या एक बाई. बाईंच्या मनगटावरचं घड्याळ चार मिनिटं मागं होतं. काकूंनी ते पहिल्याच नजरेत टिपलं, तोंडही उघडलं, आणि परत मिटलं. जिथं आपली तक्रार आहे त्या टेबलावर कुणाचं काम करून द्यायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं.

बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं. मग एकेक बोट दुमडत म्हणाल्या, "वस्तू खराब निघाली. तुम्ही दुरुस्तीची संधी दिली. दुरुस्ती नीट झाली नाही. आता पुन्हा दुरुस्ती ते देऊ करतील, पण घ्याच असं म्हणू शकत नाहीत. बदलून घ्यायचं की पैसे परत, हे तुम्ही ठरवायचं. कंपनीची पॉलिसी या नियमाच्या वर जात नाही. फक्त दुरुस्ती झाली नाही हे दाखवावं लागेल."

"ठिपके आहेत."

"ते तुम्ही नंतर दिले असं ते म्हणणार."

"म्हणालेच."

"मग जे जे कागद त्यांनी तुम्हाला दिलेत ते सगळे आणा. पावती, कामाचा कागद, मोबाइलवर काही पाठवलं असेल तर त्याच्या प्रती. आपल्याला काय उपयोगाचं आहे ते आपल्याला आधी कळत नसतं. आणि काकू, तोवर तो उघडायचा नाही."

"शिवून ठेवलाय," काकू म्हणाल्या. बाईंना काही समजलं नाही, पण त्यांनी लिहून घेतलं.

प्रती काढायला वहिनींच्या दुकानाइतकं जवळ काय? लेकीनं मोबाइलवरचं सगळं पाठवलं, वहिनींनी रंगीत प्रिंट सोडले आणि पहिला कागद बाहेर येताच कपाळाला हात लावला.

"गेलं माझं मशीन. कालच माणूस येऊन साफ करून गेला आणि आज लाल ठिपके टाकतंय."

त्यांनी दुसरा कागद काढला. तिथंही तेच. वहिनी त्या साफ करणाऱ्या माणसाला फोन लावून दोन शब्द सुनावणार, तेवढ्यात लेक कॉम्प्युटरवरून उठली आणि तिनं कागद हातात घेतला. लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा फोटो. टायवाल्यानं लॅपटॉप ताब्यात घेताना काढलेला, तारीख-वेळेसकट. दहा स्क्रू, दहा ठिपके. दुसरा कागद परत देतानाचा. तेच दहा ठिपके. सातवा जरा ओघळून शेपटी आलेला, तो दोन्हीकडं शेपटीसकट.

"आई," लेकीनं भिंतीवर थाप मारून जिन्याखाली हाक दिली, "आई, इकडं ये. त्यांनीच काढलेत गं फोटो."

काकूंनी दोन्ही कागद भिंगाखाली धरले. सातव्याची शेपटी दोन्हीकडं ताडून पाहिली. मग वहिनींना म्हणाल्या, "तुमचं मशीन एकदम उत्तम आहे. चार-चार प्रती काढा."

तक्रार दाखल झाली, नोटीस गेली आणि तीन आठवड्यांनी तपासणीचा दिवस ठरला. लेकीचे तोवर दहा दिवस उरले होते. कार्यालयाच्या टेबलावर लॅपटॉप, भोवती मॅनेजर, टायवाला, काकू, लेक, खिडकीवरच्या बाई, आणि उघडायला तंत्रशाळेतले एक सर. सगळ्यांसमोर सर उघडणार आणि आत काय दिसतं ते लिहिणार.

काकू आपले दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसल्या होत्या. चाळीस-बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर दुसरं कुणी काहीतरी उघडत होतं. सरांनी पहिला स्क्रूड्रायव्हर लावला आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, "अर्धा नंबर बारीक घ्या सर, डोकं झिजेल."

मॅनेजर म्हणाले, "तक्रारदारानं बोलायचं नसतं."

सरांनी मात्र मुकाट्यानं बारीक घेतला. पहिला ठिपका दुभंगला. दुसरा. शेपटीवाला सातवा. प्रत्येक वेळी सर फोटोशी ताडून बघत आणि बाई लिहीत. दहावा निघाला, झाकण उचललं गेलं. आतली बिजागरी तडकलेली, जुनीच. वायरवर कारखान्याचं चिकटपट्टीचं लेबल, त्यावर लॅपटॉप जन्माला आला तो महिना. आणि फटीतून आत ओघळून वाळलेला गोंद, वायरीच्या मुळाशी.

"काही बदललेलं नाही," सर म्हणाले. "गोंद बाहेरून गेलाय. आणि त्या गोंदानंच वायर आणखी आवळलीय."

बाईंनी ते लिहून घेतलं. टायवाला टेबलाकडं बघत पुटपुटला, "त्या महिन्यात पार्टच आले नव्हते. बारा दिवसांत काम बंद केलं नाही तर वरून विचारतात."

"आपण नंतर बोलू," मॅनेजर म्हणाले.

काकूंना त्या पोराचं वाईट वाटलं, हे खरं. 'पार्ट आले नाहीत' एवढं जरी त्यानं त्या दिवशी म्हटलं असतं, तर काकू निमूट थांबल्या असत्या. त्यांच्या दुकानात एक भिंतीवरचं घड्याळ अकरा महिने एका चाकासाठी थांबलंय आणि त्याचा मालक अजून दर रविवारी येऊन त्याची चौकशी करून जातो. पण वाईट वाटणं एका जागी आणि काम एका जागी. निकाल लागला. सात दिवसांत नवीन द्या किंवा पूर्ण पैसे परत करा, असं लिहून आलं. लेकीनं नवीन मागितला.

सातव्या दिवशी मायलेकी सर्व्हिस सेंटरात पोचल्या. लेकीला सगळे मजले जुळवून द्यायला आता तीन दिवस होते, आणि ती वाटेत तीनदा म्हणाली होती, "आई, आज वाद नको, घ्यायचा आणि निघायचं." काउंटरवर नवा खोका तयार होता. मॅनेजर स्वतः आले, गोड हसले आणि एक छापील कागद पुढं केला. "इथं सही करा काकू, की तुमचा."

लेकीनं पेन काढून आईच्या हातात दिलं. काकूंनी पेन खाली ठेवलं आणि भिंग डोळ्यावर ओढलं.

"आई, साधा कागद आहे."

"म्हणून तर वाचायला वेळ लागणार नाही."

त्या वाचत गेल्या. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी ती मोठ्यानं वाचली: "ग्राहकाच्या वस्तूची दुरुस्ती समाधानकारकरीत्या करण्यात आली होती, केवळ सद्भावना म्हणून नवीन वस्तू देण्यात येत आहे."

"ते सगळ्यांच्याच कागदावर असतं," मॅनेजर म्हणाले. "छापीलच आहे."

"सद्भावनेनं दिलेला उद्या बिघडला तर वॉरंटी कुणाकडं मागायची? सद्भावनेकडं?"

"बिघडणार नाही हो."

"पहिलाही बिघडणार नव्हता." काकूंनी बोट उचललं नाही. "आणि दुरुस्ती झाली नव्हती. ती झाली असं माझ्या सहीनं मी म्हणणार नाही. निकालात काय लिहिलंय ते तुम्हाला पाठ असेल."

रांगेतली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. नंबराच्या यंत्रानं पुढचा नंबर पुकारला, तो कुणी घेतला नाही. लेक खोक्याकडं बघत होती. तिच्या डोक्यात शाळेचे चार मजले चार दिशांना पसरलेले होते आणि ते जुळवणारी वस्तू हाताच्या अंतरावर होती. तिनं आईकडं पाहिलं. आई तिच्याकडं बघत नव्हती, ओळीकडं बघत होती. मग लेकीनं खांद्यावरची पिशवी उतरवली, शेजारच्या दोन खुर्च्या काउंटरपाशी ओढल्या आणि एकीवर स्वतः बसली.

मॅनेजरनी घड्याळात पाहिलं, मग खोक्यावर हात ठेवला. आवाज आणखी गोड करून त्यांनी विचारलं, "काकू, लॅपटॉप तुमच्या समोर आहे, मुलीला घाई आहे. एवढ्या एका ओळीनं असा काय फरक पडतो?"

भिंगकाकू दुसऱ्या खुर्चीवर बसल्या, पेन उचलून मॅनेजरपुढं धरलं आणि म्हणाल्या, "काहीच फरक पडत नसेल तर तुम्हीच खोडा ती, बाजूला तुमची सही करा, आणि मग माझी घ्या."